डावीकडचा उजेड

आमच्या घरात उजेड फक्त कपाटाच्या बाजूने येतो. त्या बाजूला खिडकी नाही. भिंत आहे, भिंतीला टेकून लोखंडी कपाट आहे, कपाटावर पाहुण्यांच्या गाद्या आहेत आणि भिंतीपलीकडे सबनिसांचं स्वयंपाकघर आहे. तरी उजेड तिथूनच येतो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकसारखा, आणि घरातल्या सगळ्या सावल्या खिडकीकडे पडतात. खिडकीतून ऊन दिसतं. ते ग्रिलपाशी येऊन थांबतं, आत येत नाही.

हे आधी माझ्याच लक्षात आलं. मी हॉलमध्ये तांदूळ निवडत बसले होते. ताटातल्या प्रत्येक खड्याची सावली भलत्याच बाजूला पडली होती. मी ताट फिरवलं, मग स्वतः फिरून बसले, सावल्या जागच्या हलल्या नाहीत. संध्याकाळी ट्यूब लावली. ट्यूब लागली, पांढरी दिसली, पण तिचा उजेड कशावरच पडेना. देवापुढे निरांजन लावलं. ज्योत चांगली सरळ उभी होती आणि देवांच्या तोंडावर अंधार होता.

"व्होल्टेज कमी असेल," हे म्हणाले.

"व्होल्टेज कमी झालं म्हणून सावल्या बाजू बदलत नाहीत."

"तू फार बघत बसतेस."

मी संशयी आहे असं आमच्या ह्यांचं जुनं म्हणणं आहे. मी संशयी नाही. मी बघते. घरात कुणीतरी बघायला हवं, कारण ह्यांच्या डोळ्यांसमोरून हत्ती गेला तरी हे पेपरचं पान उलटून विचारतील, आज भाजी काय. तेव्हा मी बघितलं, आणि बघितल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली ती वन्संबद्दल.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, इंदू. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, रिटायर झाल्या आणि दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं येणं मला खुपलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. सामान थोडंच होतं. एक ट्रंक, एक वळकटी आणि जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं एक चित्र. चित्र त्यांनी आल्या आल्या हॉलच्या मोकळ्या भिंतीवर लावलं. खिळा स्वतः ठोकला. मला विचारलं नाही, हे मात्र खुपलं.

जुनं चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. रंगाचा पत्ता नाही, नुसत्या काळ्या रेघा. त्यात एक मराठी घर होतं, पण असं घर कुणी मराठी माणसानं बघितलेलं नसणार. मागे कोर्टाला असतात तसे गोल दगडी खांब. मधोमध पाटावर एक बाई बसलेली, नाक कपाळातून थेट खाली आलेलं, लुगड्याच्या चुण्या दगडी वाटाव्यात इतक्या सरळ. तिच्या मांडीवर मूल, आणि ती त्याला घास भरवते आहे. शेजारी तिचा नवरा आडवा बसून पोथी वाचतो आहे. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या पुढे, पाठमोरी एक बाई घागर घेऊन उभी. ती जवळजवळ काळी होती. तिच्या अंगावर रेघांवर रेघा ओढून जाळी केली होती.

"ही मोलकरीण का हो?" मी विचारलं होतं.

"असेल घरातलीच कुणीतरी," वन्सं म्हणाल्या. "ती पुढे काळी उभी आहे म्हणून मागचे उजळ दिसतात. झाक बघू तिला अंगठ्यानं."

मी झाकलं. चित्र विझलं. अंगठा काढला, पुन्हा लागलं.

"आधी उजेड कुठून येतो ते ठरवायचं," वन्सं म्हणाल्या. "तो डावीकडून. मग त्रिकोण. माणसं त्रिकोणात बसवायची. शेवटी उरेल त्याला अंधार."

"पण ही बाई डाव्या हातानं भरवते आहे."

त्यावर वन्सं खूप हसल्या. छापताना चित्र उलटं होतं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, असं त्यांनी मला समजावलं. ह्या चित्रकाराला साहेबाच्या शाळेत उजेड डावीकडूनच हवा असं घोटवून घेतलं होतं, म्हणून त्यानं उजेड न विसरता उलटा कोरला. खांब उलटे कोरले. माणसं मात्र घरची, ती जशी दिसली तशी कोरून टाकली, आणि छापल्यावर सगळं घर डावखुरं झालं. "उजेड सांभाळला आणि घास विसरला मेला," वन्सं म्हणाल्या. तेव्हा मीही हसले होते.

चित्राला पाठ लावून उभं राहिलं की कपाट बरोबर डाव्या हाताला येतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा माझं हसू गेलं.

घरात पहिल्यांदा बिघडला तो ह्यांचा हात. हे पोहे खात होते, डाव्या हातानं.

"अहो, डावा हात."

ह्यांनी चमचा थांबवला, हाताकडे बघितलं. "हा उजवाच आहे. घड्याळ बघ कुठल्या हातात आहे ते."

घड्याळ दुसऱ्या मनगटावर गेलं होतं. शर्टाचा खिसाही दुसऱ्या बाजूला होता. मी वैजूकडे बघितलं. वैजू, आमची मुलगी, दुसरीत आहे. तीही डाव्या हातानं खात होती आणि समोरचे दात पडल्यामुळे पोह्यांशी झटापट करत होती. मग मी दुपारी नैवेद्य दाखवताना स्वतःला पकडलं. ताटाभोवती पाणी फिरवत होता तो माझा डावा हात. मी देवाची माफी मागितली, ती मागतानाही डाव्या हातानंच कान धरला.

वन्संचं जेवण मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. त्याही डावखुऱ्या झाल्या होत्या, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आमटी भुरकून म्हणाल्या, "छान झालीये."

त्यानंतर माणसं सरकू लागली. ह्यांची खुर्ची पूर्वी खिडकीशी असायची. ती आता मधल्या बाजूला आली आणि आडवी वळली, म्हणजे मोकळ्या भिंतीवरून बघणाऱ्याला ह्यांचा फक्त एक गाल दिसेल अशी. हे दिवसभर तसेच आडवे बसू लागले. जेवायला आम्ही गोल बसायचो. आता पानं अर्ध्या गोलात मांडली जातात आणि मोकळ्या भिंतीकडची बाजू रिकामी राहते. तिथं बसायचं ठरवलं तरी पाय वळतात. फ्रिज होता तिथं एक खांब आला, गोल, दगडी, हात लावला तर गार. दूध त्याच्यामागे ठेवलं तर नासत नाही, म्हणून हे म्हणाले की राहू दे. हॉलही मागच्या बाजूनं लांबत चालला होता. लादी पुसायला घेतली की मागची भिंत येतच नसे आणि फडकं सुकून जाई.

सगळ्यांना चांगल्या जागा मिळाल्या. मला मिळाली ती खिडकीजवळची, अगदी पुढची, मोकळ्या भिंतीला पाठ करून. मी चहा घेऊन हॉलमध्ये आले की पाय तिथंच थांबत. ट्रे हातात धरून मी उभी आणि समोर हे सगळे उजेडात बसलेले. माझ्या पाठीला त्या भिंतीची नजर कळायची. कुणी बघत असलं की मानेवर कळतं तसंच. मागे वळून बघितलं तर भिंत आणि चित्र.

आणि त्या सगळ्यांच्या मधोमध वन्सं पाट घेऊन बसायच्या आणि माझ्या मुलीला मांडीवर घ्यायच्या. सात वर्षांची घोडी, स्वतःच्या हातानं जेवणारी, ती आत्याच्या मांडीवर बसून वरणभाताचे घास घेऊ लागली. तिच्या तोंडावर इतका उजेड पडायचा की बघत राहावं.

मला राग आला. नुसता राग नाही, पोटात जळलं. वन्संना मूल नाही आणि त्यांना माझं मूल हवं आहे, हे मला लख्ख कळलं. एवढ्यासाठी चित्र आणलं, एवढ्यासाठी उजेड फिरवला आणि मला कोपऱ्यात उभं केलं. हे मी ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "ताई तुझ्या पोरीला जेवू घालते आणि तू घराचं पोलीस ठाणं करून ठेवलंस."

दुसऱ्या दिवशी मी वन्संच्या आधी हॉलमध्ये गेले, त्या पाटावर बसले आणि वैजूला मांडीवर ओढलं. उजेड माझ्या अंगावरून सरकला. शेजारी लादीवर त्याचा चौकोन पडला, रिकामा. वैजू थोडा वेळ बसली आणि उठली.

"आई, तुझ्याजवळ अंधार आहे."

"असू दे. बस."

"मला दिसत नाही काही," असं म्हणून ती त्या चौकोनात जाऊन बसली. मग वन्सं आल्या आणि पाट चौकोनात सरकवून घेतला.

शुक्रवारी सबनीसवहिनी हळदीकुंकवाला आल्या. दारातून आत येताच कपाटाकडून आलेल्या उजेडात त्यांचे डोळे दिपले. म्हणाल्या, "अगबाई, काय छान बसलात सगळे! फोटो काढावा असं वाटतंय. आणि हेमावहिनी कुठे आहेत?"

"मी इथंच आहे," मी म्हटलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, हातात कुंकवाचा करंडा होता.

"अय्या, दिसलाच नाहीत."

मी पुढे होऊन त्यांना हळदकुंकू लावलं, डाव्या हातानं. त्यांच्या कपाळावर एकदम आठी पडली. मी सांगू लागले की घरातल्या सगळ्यांचे हात बदलले आहेत, पण त्या ओटी न घेताच गेल्या. जिन्यात त्यांनी कपाळ पुसलं. मी ते दारातून बघितलं आणि मला रडू आलं.

त्याच संध्याकाळी माझ्या हातावर रेघा उमटल्या. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक, काळ्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. दुखत नव्हत्या. साबण लावला, मग तारेची घासणी लावली, गेल्या नाहीत. सकाळी त्यांच्यावर तिरक्या रेघांचा दुसरा थर आला होता आणि जाळी झाली होती. पाठीवरही असणार, कारण ब्लाउज घालताना खरखरीत लागत होतं. आरशात बघितलं. पुढच्या बाजूनं अजून माझं तोंड मला ओळखू येत होतं, पण खिडकीकडचा अर्धा भाग गेला होता.

मी तशीच वन्संपुढे जाऊन उभी राहिले. हात दाखवला.

"हे काय केलंत?"

वन्संनी चष्मा कपाळावर सारून माझा हात नीट बघितला. शाळेत वह्या तपासायच्या तशा बघत असाव्यात. "काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "कुठे रेघ हललेली नाही."

"वन्सं, मी चेष्टा करत नाहीये."

"अंधार कुणीतरी धरावा लागतो, हेमा. तू धरलास म्हणून पोरगी कशी उजळली आहे बघ."

"तो तुम्ही धरा."

त्या मांडीवरच्या वैजूच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. ह्यांनी पान उलटलं.

मी स्टूल घेतलं, चित्र खिळ्यावरून काढलं आणि माळ्यावर जुन्या पितळेच्या भांड्यांमागे उलटं करून ठेवलं. खाली उतरून बघते तर उजेड तिथंच, त्रिकोण तिथंच, आणि माझे पाय खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे चाललेले. मोकळ्या भिंतीवर आता नुसता खिळा होता. भिंत पूर्वीइतकीच बघत होती.

तेव्हा मी ठरवलं की वैजूला घेऊन माहेरी जायचं. ह्यांना सांगितलं नाही, वन्संना तर नाहीच. सकाळी शाळेसाठी वेणी घालायला म्हणून तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं. दप्तरात तिचे दोन फ्रॉक घातले होते. उजेड दाराखालून आत आलाच.

मी भांग पाडायला कंगवा घेतला आणि भांग पडेना. पुन्हा पुन्हा कंगवा फिरवला. केस होते, पण ते वेगळे वेगळे नव्हते, सगळा एक पांढरा भाग होता. मी तिचा कान पुढे केला. कानामागे वैजूला तीळ आहे. ती पोटातून आली त्याच दिवशी मी तो बघितला होता आणि मला तो कुणालाही सांगावासा वाटला नव्हता. तीळ नव्हता. मी थुंकी लावून चोळलं, म्हणजे काही लागून झाकला गेला असेल तर दिसेल. तिथं काहीच नव्हतं. गुळगुळीत होतं.

"आई, टोचतंय."

"इकडे बघ."

तिनं माझ्याकडे तोंड केलं. एका भुवईचं टोक नव्हतं. दुसरी भुवई पूर्णच नव्हती. नाक समोरून दिसत नव्हतं, कडेनं थोडं होतं. ओठ होते. पडलेल्या दातांची फट होती. डोळे होते, पण पापण्यांचे केस नव्हते, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती, कारण तिला तिचा चेहरा दिसत नव्हता.

मी तिथंच खाली बसले. माझ्या हातावरच्या जाळीतली प्रत्येक रेघ मात्र मला दिसत होती, अंगठ्याच्या सुरकुत्या आणि जुना चटका सुद्धा.

मी हॉलमध्ये गेले आणि पहिल्यांदा ह्यांच्यासमोर जाऊन सरळ तोंडाकडे बघितलं. ह्यांना नाक नव्हतं. सर्दी होती, हे रुमालानं जिथं नाक असायचं ती जागा पुसत होते. हातातला पेपर कोरा होता. हे मन लावून वाचत होते.

"अहो, तुमच्या पेपरात काही नाहीये."

"हो, अलीकडे काही नसतंच," हे म्हणाले.

मी माळ्यावरून चित्र काढलं. खिडकीजवळ माझ्या अंधारात नेलं आणि डोळ्यांना लावून बघितलं. लांबून ते मूल किती सुंदर दिसायचं. उजेडात बसलेलं, गोबरं, हसरं. जवळून तिथं काहीच नव्हतं. भोवतीच्या रेघा मुलाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबल्या होत्या आणि आत नुसता कागद होता. भरवणाऱ्या बाईचं तोंडही तसंच. रेघा होत्या त्या सगळ्या त्या पाठमोऱ्या बाईच्या अंगावर. तिच्या मानेवरचे बारीक केस, घागरीचा पोचा, टाचेची भेग, सगळं कुणीतरी बसून कोरलं होतं.

म्हणजे मी चुकीच्या गोष्टीवर लक्ष ठेवून होते. अंधाराची भीती धरली आणि मुलीला उजेडात सोडून दिलं.

"वन्सं," मी ओरडले. "उजेड कसा काढतात?"

वन्सं पाटावर येऊन बसल्या होत्या. वैजू स्वयंपाकघरातून निघून त्यांच्या मांडीवर गेली होती. वन्संच्या चष्म्याला काड्या नव्हत्या, काचाही दिसत नव्हत्या, तरी त्या चष्मा सारखा करत होत्या.

"उजेड काढता येत नाही," त्या म्हणाल्या. "तो सोडायचा असतो. कागद कोरा सोडायचा, म्हणजे झाला उजेड. मी मुलींना आयुष्यभर हेच शिकवलं."

"आणि माणूस? तोही सोडायचा?"

मग त्यांनी वैजूच्या तोंडाकडे बघितलं, अगदी जवळून, आणि मला दिसलं की हे त्यांनी आधी कधी केलंच नव्हतं. आजवर त्या तिला लांबून बघावं तशाच बघत आल्या होत्या, मांडीवर घेऊनसुद्धा.

"मला वाटलं, उजेडात ठेवलं की माणूस टिकतं," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता. "घरी म्हण, शाळेत म्हण, सगळीकडे मी कडेला उभी. ग्रुप फोटोत माझं अर्धं तोंड असायचं. मला एकदा मध्ये बसायचं होतं, हेमा. पोरीला घेऊन. तुझी पोर पळवायची नव्हती मला."

मला त्यांची दया आली. पण ती नंतर येऊ दे असं मी ठरवलं, कारण वैजूचा डावा डोळा पुसट व्हायला लागला होता.

मी कोपऱ्यातून निघाले. हॉल लांबला. मी चालत राहिले, तो लांबत राहिला, दोन्ही बाजूंना खांब येत गेले. मग मी त्रिकोणाकडे बघणं सोडून दिलं आणि लादीकडे बघत, फडकं मारताना सरकते तशी, एकेक लादी मोजल्यासारखी पुढे गेले. माझा अंधार माझ्याबरोबर ओढला जात होता. उजेडाच्या चौकोनात मी शिरले तेव्हा तो चौकोन मळला.

"ताई, उजेड गेला," हे म्हणाले.

मी वैजूला जवळ घेतलं आणि माझा सगळा अंधार तिच्यावर घातला. तो तिच्यावर राहीना. तेलकट ताटावरून पाणी घरंगळावं तसा घरंगळून खाली आला. तिच्या अंगावर त्याला धरायला रेघच उरली नव्हती.

वन्संनी हात पुढे केला. तो हात म्हणजे एक पांढरा तुकडा होता, बोटं एकमेकांत मिसळून गेलेली. "रेघ ओढावी लागेल," त्या म्हणाल्या. "आधी माझ्यावर ओढून बघ."

"कशानं?"

"टोक असेल अशा कशानंही."

माझ्या बांगडीत सेफ्टी पिन असते. ती मी काढली आणि वन्संच्या हातावर, तर्जनी संपून मधलं बोट सुरू व्हायला हवं तिथं, टेकवून ओढली. "आई गं!" वन्सं कळवळल्या. रक्त आलं नाही. रेघेत काळं भरून आलं आणि दोन बोटं वेगळी झाली. मात्र माझा हात हलला होता, आणि तर्जनी मध्येच वाकडी निघाली. वन्संनी ती हलवून बघितली. वाकडीच हलली.

"ही आता अशीच राहणार," त्या म्हणाल्या. "एकदा ओढलेली पुसत नाही."

"मग तुम्ही ओढा. मला चित्र येत नाही. मला रांगोळी सुद्धा ठिपके घातल्याशिवाय येत नाही." मी पिन त्यांच्या हातात द्यायला गेले. इतके दिवस ज्या बाईनं माझ्या मुलीला हात लावू नये म्हणून मी जागत होते, तिच्याच हातात. तिला पिन धरता आली नाही. दोन बोटांतून ती निसटून लादीवर पडली.

वैजूचा डावा डोळा गेला. मी पिन उचलली.

"भुवई कुठून सुरू करतात?" मी विचारलं.

"नाकाच्या बाजूनं. हलक्या हातानं, बाहेर."

"वैजूची कशी आहे? टोकाला खाली वळते की सरळ जाते?"

वन्संनी वैजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर आता वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. "ते मला कसं माहीत असणार," त्या म्हणाल्या. "आई तू आहेस."

मी डोळे मिटले आणि आठवू लागले. वैजू झोपलेली आठवली, तापात पडलेली आठवली, रडून माझ्या कुशीत शिरलेली आठवली. दर वेळी तिची भुवई मला दिसली आणि दर वेळी ती थोडी वेगळी होती. डोळे उघडले. उजवा डोळाही जात होता, कडेकडून आत. तोंड अजून होतं, पडलेल्या दातांची फट होती.

तिनं हनुवटी वर केली आणि माझा पदर मुठीत घट्ट धरला. तिला बोटं नव्हती, तरी पदर ओढला जात होता.

"दुखेल का, आई?"

"हो," मी म्हणाले आणि पिन दाबली.